लोहाऱ्याचा खंदक

यवतमाळ शहरास लागूनच लोहारा हे गाव आहे. १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात येथील रानातले गवत कापून सत्याग्रहींनी कायदा मोडला. म्हणून इतिहासाच्या शिक्षकास हे नाव परिचित. यंदा दिवाळीत तेथे पुतण्याच्या शेतावर राहण्याचा योग आला, आणि जन्मभर शिकविलेला एक धडा आम्हांस नव्याने शिकावा लागला.

घरातील मुले दरवर्षी मातीचा किल्ला करतात. या खेपेस थोरल्या नातवाने पहिल्या महायुद्धातील खंदक करण्याचा हट्ट धरला. बेल्जममध्ये झोनेबेके येथील संग्रहालयात तसे खंदक पुन्हा बांधले असून पाहुण्यांस त्यांतून चालता येते, हे त्याने वाचले होते. इकडील काळी माती भिजली की फुगते व ढासळते. म्हणून पुतण्याने गुडघ्याहून अधिक खोल खणू दिले नाही. उरलेली उंची काठांवर मातीच्या गोण्या रचून साधली. खंदक नागमोडी काढला. एका वळणात गोळा फुटला तरी पुढच्या वळणातील माणसे वाचावीत, हे त्यातील इंगित.

कौटिल्याने दुर्गाभोवती तीन परिखा सांगितल्या आहेत, त्या शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी. या खंदकात मात्र शिपाई स्वतःच उतरून राहतो. मराठीत दोहोंस शब्द एकच. पण हा भेद आम्ही वर्गात कधी सांगितला नव्हता.

पहिला तास लुटुपुटीच्या लढाईत गेला. मग अवेळी पावसाची सर आली, तळाशी चिखल झाला, आणि धाकटी नात गोणीस टेकून म्हणाली, "आजोबा, इथं किती दिवस बसायचं?"

तेव्हा आम्ही मेसोपोटेमियातील कुत या गावाची हकीकत सांगितली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तेथे पुणे डिव्हिजनला वेढले. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे अन्न सरत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्मभावनेमुळे ते मांस अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे बंदिवासातही पुष्कळ मेले. मुले ऐकताना हलली नाहीत.

वर्गात आम्ही हे युद्ध सनावळीत आटोपीत असू. मुले उत्तीर्ण होत, आणि आम्हांस त्यात समाधान वाटे. त्या दिवशी त्या समाधानाची लाज वाटली. तथापि नुसत्या खंदकानेही भागत नाही. त्यात भूक नसते, मरण नसते. सांगणारा जवळ नसेल तर तो खेळच राहतो. म्हणून हात चिखलात आणि कान हकीकतीकडे, अशी दोन्हींची सांगड हवी.

निघण्यापूर्वी मुलांनीच खंदक बुजविला. पुतण्यास तेथे हरभरा पेरावयाचा होता.