मुस्तफाची टोपी

मामूंच्या पार्लरमधलं शेवटचं मशीन गेली वीस वर्षं त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत उभं होतं. त्यावर आधी गोधड्या आल्या, मग गव्हाची पोती, मग मुमानींच्या शिलाई मशीनचं झाकण. यंदा रमजान ईदला उदगीरला गेलो, तेव्हा मामू सहज म्हणाले, "वो डब्बा भंगारवाले को देने का है. तेरे को कुछ होना क्या उसमें का?"

मी म्हणालो, "मामू, चार दिवस थांबा. मी एकदा चालू करून बघतो."

ते हसले. त्यांना वाटलं, जुनी हौस आहे. हौस होतीच, पण त्या मशीनशी माझा एक वेगळा हिशेब बाकी होता. तो त्यांना माहीत नव्हता.

नव्वदच्या दशकात ज्यांनी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास बालपण घालवलं, त्यांना 'मुस्तफा' म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' नावाचा गेम काढला. त्यात चार खेळाडू होते : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेली ही पात्रं. पण आपल्याकडे त्या लांबलचक इंग्रजी नावाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पिवळी टोपी घालून धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांचा लाडका, म्हणून अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. पाटलांचा पोरगा, वाण्याचा पोरगा, आमच्या गल्लीतली पोरं, सगळ्यांना मुस्तफाच व्हायचं असे आणि त्यावरून मारामाऱ्या होत. बाबरीनंतरची ती वर्षं. त्या काळात या नावासाठी भांडणारी इतकी पोरं दुसरीकडे कुठे मी पाहिली नाहीत. असो.

पार्लरमध्ये मामूंच्या हाताखाली एक मुलगा होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. टोकन देणं, सुटे पैसे मोजणं, काच पुसणं, दुपारी मामू जेवायला गेले की गल्ला सांभाळणं ही त्याची कामं. मला तो फुकट एक डाव द्यायचा आणि मामूंना सांगायचा नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं, गोल लोहचुंबक माझ्याकडे होतं. एका दुपारी ते मशीनच्या काचेजवळ नेलं आणि चित्रातले रंग पाण्यात तेल सांडल्यासारखे फिरायला लागले. हिरवा, जांभळा, गुलाबी. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. चुंबक काचेला टेकवून बराच वेळ फिरवत बसलो. मग काढलं, तर उजव्या बाजूचा खालचा कोपरा तसाच राहिला. एक हिरवट-जांभळा डाग. मुस्तफा त्या कोपऱ्यात गेला की त्याची पिवळी टोपी हिरवी व्हायची.

मी चुंबक खिशात टाकलं आणि घरी आलो.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने बघून सांगितलं, पिक्चर ट्यूब गेली, मशीन कुठेतरी आपटलं असणार. त्याच सकाळी त्या मुलाने फरशी धुवायला मशीन सरकवलं होतं. नवी ट्यूब मामूंना परवडणारी नव्हती. त्यांनी त्याचा पगार कापला, चार शब्द जास्त बोलले, आणि आठवडाभरात तो यायचा बंद झाला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

मशीन त्या डागासकट पुढे आठ वर्षं चाललं.

आता ते उघडायचं होतं. पुण्यात मी औद्योगिक मशिनरीच्या दुरुस्तीत आहे, त्यामुळे सोल्डरिंगची भीती नाही. पण रंगीत ट्यूबचा मान ठेवावा लागतो. वीस इंची ट्यूबच्या आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी काही चार्ज मागे राहू शकतो. वायर जोडलेल्या पेचकसाने तो आधी ट्यूबच्या बाहेरच्या अर्थिंगच्या पट्टीत उतरवायचा. चालू मशीनवर काम करताना एक हात खिशात. हा जुन्या टीव्ही मेकॅनिकांचा नियम आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. घरी कुणी हे वाचून पेचकस हातात घेणार असेल, तर कृपया घेऊ नये.

डाग का पडतो, हे मला बरंच नंतर, आयटीआयमध्ये कळलं. ट्यूबच्या मागच्या बारीक मानेत तीन गन असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी. काचेच्या आतल्या बाजूला त्या तीन रंगांचे ठिपके असतात आणि त्यांच्या मागे हजारो भोकांची पातळ लोखंडी जाळी. भोकांतून जाताना लाल गनचा झोत फक्त लाल ठिपक्यावर पडावा, अशी ती मांडणी असते. जाळीत चुंबकत्व शिरलं की झोत किंचित वाकतो आणि शेजारच्या ठिपक्यावर पडतो. लालच्या जागी हिरवा उजळतो. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. त्यातला लाल घसरला की टोपी हिरवी.

जाळीत नुसतं चुंबकत्व असेल तर ते काढता येतं. पण जोरकस चुंबकाने जाळीच वाकली असेल, तर मग काही इलाज नाही. मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल आणि दोषी मी. पहिल्या रात्री झाकण काढून बसलो तेव्हा याच प्रश्नाने पोटात गोळा आला होता.

रंगीत टीव्हीत यावर उपाय आधीपासूनच बसवलेला असतो. ट्यूबभोवती तांब्याच्या तारेची कॉईल आणि तिच्या वाटेवर पॉझिस्टर. मशीन चालू करताच कॉईलमधून जोराचा एसी करंट जातो, पॉझिस्टर गरम होतो आणि करंट हळूहळू मरत जातो. तेव्हा 'घुर्रर्' असा आवाज येतो. लहानपणी शेजारच्यांचा टीव्ही लागला की भिंतीपलीकडून तो यायचा. मामूंच्या मशीनमधून मात्र कधी आला नव्हता, हे मला त्या रात्री आठवलं. पॉझिस्टर बघितला तर एका पायाला ड्राय सोल्डर. गोल चीर स्पष्ट दिसत होती.

दोन मिनिटांत तो पाय पक्का केला. धूळ ब्रशने काढली, दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि मशीन लावलं. घुर्रर् झालं. चित्र आलं. (गेमचा बोर्ड नकली आहे आणि म्हणूनच टिकला. अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते, ती मेली की त्याचं काम बिघडतं.) डाग थोडा फिका पडला होता, पण होता.

तिसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या टीव्हीवाल्या काकांकडून हातातली डिगॉसिंग कॉईल मागून आणली. ते आता मोबाईलचे चार्जर विकतात, पण कॉईल माळ्यावर जपून ठेवली होती. ताटाएवढी गोल, काळ्या टेपने गुंडाळलेली, बटण दाबून धरायचं. त्यांनी बजावून सांगितलं, "स्क्रीनजवळ बटण सोडशील तर होता त्यापेक्षा मोठा डाग करून बसशील. गोल गोल फिरवत मागे ये. सहा-सात फूट लांब आलास की कॉईल आडवी कर, मग सोड."

बटण दाबलं. कॉईल हातात थरथरायला लागली आणि स्क्रीनवर तेच रंग उसळले, हिरवा, जांभळा, गुलाबी. बारा वर्षांचा असताना पाहिलेले, हुबेहूब तेच. फिरवत फिरवत मागे सरकत गेलो. रंग शांत होत गेले. दाराच्या चौकटीला पाठ टेकली तेव्हा बटण सोडलं.

डाग गेला होता. हिरवा आणि निळा प्रीसेट कमी करून सगळी स्क्रीन लाल केली. कोपऱ्यापर्यंत एकसारखी लाल.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथेच पोत्यावर बसलो. जाळी वाकली नव्हती. १९९६ साली कुणी ही कॉईल आणून अर्धा मिनिट फिरवली असती, तर काम झालं असतं. किंवा मी खिशातलं चुंबक दाखवलं असतं, तर मेकॅनिकला कदाचित सुचलं असतं.

बाकी किरकोळ कामं उरली. डाव्या बाजूला गुलाबी झाक होती. नंतर कुणीतरी ट्यूबला चिकटून मोठ्या चुंबकाचा स्पीकर बसवला होता, तो खाली हलवला. लाल जरा चढा होता, तो प्रीसेटने उतरवला. खालच्या बाजूला 'इन्सर्ट कॉईन'ची अक्षरं मशीन बंद असतानाही पुसट दिसतात. तिथला फॉस्फर जळला आहे, त्याला काही करता येत नाही.

रात्री मामूंना बोलावलं. ते खुर्ची घेऊन बसले. मुस्तफा उजव्या कोपऱ्यात गेला, टोपी पिवळीच राहिली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. चुंबक, खिसा, तो मुलगा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वो तो खुद गया था रे. गॅरेज पे उसको ज्यादा मिल रहे थे."

खरंच तसं झालं होतं, की माझ्यासाठी म्हणाले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांची नजर स्क्रीनवरच होती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून सांगितलं, "अहमदपूर रोडला टायरचं दुकान आहे त्याचं. मुमानीला विचार, नंबर असेल."

नंबर मिळाला आहे. पुण्याला परतून तीन आठवडे झाले. दोनदा लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. मशीन अजून मामूंकडेच आहे. भंगारवाल्याला त्यांनी परत पाठवलं.