कृष्णामाईचं माहेर

आवडतं ठिकाण कुठलं असं विचारलं की मी महाबळेश्वर सांगतो, आणि समोरचा लगेच स्ट्रॉबेरी, वेण्णा लेक, भाजलेलं कणीस सुरू करतो. तेही आवडतंच हो! पण माझी खरी ओढ क्षेत्र महाबळेश्वरची, तिथल्या पंचगंगा मंदिराची. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. दगडी गोमुखातून कुंडात सतत पाणी पडत असतं.

मी सांगलीचा. ते पाणी ओंजळीत घेतलं की वाटतं, अरे, हे तर आमच्याकडंच निघालंय! वेण्णा कृष्णेला माहुलीला भेटते, कोयना कराडला, आणि मग सगळं पाणी आमच्या आयर्विन पुलाखालून जातं. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते आणि महाडवरून अरबी समुद्राला मिळते.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तिकडं महाड बुडालं, आणि दोन-तीन दिवसांत इकडं सांगलीतही पाणी शिरलं. त्याआधी २०१९ ला तर आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

आता महाबळेश्वरच्या धो धो पावसाचे, धुक्याचे फोटो कुणी पाठवले की मी आधी गावी आईला फोन लावतो : "पाणी किती फुटांवर आहे गं?"

तरी दरवर्षी जातोच. माहेर बघून आलं की कृष्णामाईवर फार दिवस रागावता येत नाही.