वायदा न करणारी मैत्री

अर्नेस्ट हेमिंग्वे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे त्यांचा म्हातारा कोळी आपल्या कितीतरी घरांत पोहोचला. त्याच लेखकाची 'क्रॉस-कंट्री स्नो' ही लघुकथा मला निवृत्तीनंतर वाचावयास मिळाली. १९२५ साली निघालेल्या 'इन अवर टाइम' या संग्रहात ती आहे. चार घटकांत वाचून होणारी ही कथा मनातून मात्र लवकर जात नाही.

निक आणि जॉर्ज हे दोन मित्र स्वित्झर्लंडच्या डोंगरउतारावर, पायांना लांब पट्ट्या बांधून, बर्फावरून वेगाने घसरत खाली येतात. निकचा एक पाय अधू आहे. गुडघा वाकवून घ्यावयाचे 'टेलेमार्क' नावाचे वळण त्याला जमत नाही. तो आपल्याला साधेल तसा वळतो, पडतो, पुन्हा उठतो. पुढे दोघे एका खाणावळीत विसावतात. तेथे ते मद्य घेतात. आपल्या घरांत ती रीत नाही, परंतु कथेकडे पाठ फिरवण्याचे ते कारण नव्हे. खरी कथा त्या मेजाशीच घडते.

वाढणारी तरुणी गरोदर आहे, हे निकच्या जरा उशिरानेच ध्यानात येते आणि आधी कसे दिसले नाही, याचे त्याला नवल वाटते. त्याच्या स्वतःच्या घरीही पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाळ येणार आहे. मग पती-पत्नीला अमेरिकेस परतावे लागेल, जरी दोघांच्याही मनात ते नाही. जॉर्जला त्याच रात्रीच्या गाडीने शिक्षणासाठी जावयाचे आहे. येथे खलनायक कोणीच नाही. लेखक पत्नीला बोल लावत नाही, येणाऱ्या बाळाला ओझे म्हणत नाही. बाळ येणे हा आनंदच. तरी त्या आनंदापायी दुसरा एक आनंद सुटतो. ही खंत निक मोठ्याने बोलून दाखवत नाही.

जॉर्जला वाटते, पुन्हा एकत्र येण्याचे वचन देता आले तर किती बरे. निक म्हणतो, वचनात काही अर्थ नाही. वरवर हे उत्तर कोरडे आहे. पण आपण व्यापारी माणसे 'वायदा' या शब्दाचे वजन जाणतो. माल हाती येण्याची खात्री नसताना केलेला सौदा पेढीची पत घालवतो. निक मित्राला खोटा वायदा देत नाही, यात मला त्या मैत्रीचा मानच दिसतो.

आमच्या देवळीत बर्फ नाही; थंडीचे खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. येथले पैलवान रामदास तडस २०१४ साली वर्ध्याचे खासदार झाले, इतका हा मातीचा छंद गावाच्या अंगी आहे. माझा बालमित्र कबड्डीत पकडीला फार चिवट होता. परंतु आमच्याकडे खेळाचा हंगाम आणि कापसाचा हंगाम एकच. दिवाळीच्या सुमारास गाड्या येऊ लागल्या की व्यापाऱ्याला मान वर करावयास सवड नसते. वडील गेले आणि ऐन विशीत तो गादीवर बसला. मला बँकेची नोकरी लागली आणि गावोगावच्या बदल्या सुरू झाल्या. मी रजेवर आलो की 'पुढच्या थंडीत खेळू' असे तो कधी म्हणाला नाही. 'आज आठला दुकान वाढवतो, मैदानावर ये,' एवढेच म्हणे, आणि येई. आता दोघांचे गुडघे खेळू देत नाहीत. पण मी गावी परतलो आहे आणि त्याच्या दुकान वाढवण्याची वेळ मला पाठ आहे.

कथेच्या शेवटीही वचन दिले जात नाही. दोघे बाहेर पडतात, तेव्हा थंडीने बर्फ घट्ट झालेला असतो आणि घरापर्यंतची वाट अजून बरोबरीने कापावयाची असते. लेखक तेथेच थांबतो.

आपली मुले शिक्षणासाठी, व्यवसायासाठी पुण्या-मुंबईस आणि परदेशी जातात. मागे राहिलेला एखादा मित्र दुकान सांभाळतो. दिवाळीच्या सुटीत ती घरी येतील, तेव्हा ही कथा त्यांच्या हाती अवश्य द्यावी. अर्ध्या तासात ती वाचून होईल. उरलेली संध्याकाळ त्या मित्राकडे जाण्यासाठी पुरेशी आहे.