आजोबा, डोकं चालवायचं नाही!

भाचीला सहावीत कोडिंग सुरू झालं आणि ताईचं फर्मान आलं, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग तूच शिकव हिला. त्या क्लासची फी ऐकूनच मला घाम फुटला." तसा मी कॉम्प्युटरवाला म्हणजे गुलमंडी ते निराला बाजार या पट्ट्यातल्या दुकानांची टॅली आणि रुसलेले प्रिंटर सांभाळणारा. पण बहिणीला नाही कोण म्हणणार? दर रविवारी भाची सिडकोतून औरंगपुऱ्यात आजोळी येऊ लागली.

शाळेच्या पुस्तकात स्क्रॅच होतं, म्हणून तिथूनच धरलं. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं. भाचीने ते पळवलं, उड्या मारायला लावलं, म्याव म्हणायला लावलं. मग थांबून म्हणाली, "मामा, पण ह्याला कळतं कसं?"

"तू ठोकळा लावलास ना, 'दहा पावलं चाल' म्हणून."

"तो मी लावला. ह्याला कळलं कसं?"

पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं. स्क्रॅचबद्दल माझी तक्रार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली ते लोकांसाठी खुलं केलं आणि मुलांना चटकन काहीतरी बनवता यावं, हा त्यामागचा हेतू. तो शंभर टक्के साधला आहे. पण ठोकळ्याच्या खाली काय चालतं हे ते मुद्दामच झाकून ठेवतं. पायथनचंही तेच. एका ओळीत नाव छापून मिळतं, मधल्या हजार घडामोडी पोटात गडप. म्हणजे मला भाषा निवडायची होती ती बनवण्यासाठी नव्हे, आत डोकावण्यासाठी. 'मुलांसाठी सर्वांत सोपी भाषा कोणती' असं जो तो विचारतो, पण सोपी कशासाठी हे आधी ठरवावं लागतं.

मग जुनं काय काय होतं ते उकरून काढलं. लोगो आठवली. १९६७ ची, सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठीच रचलेली. आपल्याकडच्या कितीतरी इंग्रजी शाळांत कासवाला 'शंभर पुढे, नव्वद उजवीकडे' सांगत चौकोन काढून घेतलेत. भूमितीसाठी झकास, पण कासवाला कळतं कसं हा प्रश्न तसाच राहतो. बेसिक आठवली. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी केली. १९८४ च्या सुमाराला केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत आपल्या शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले, त्यांतही बेसिकच होती. डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की बेसिकचा संस्कार झालेल्या मुलांना नीट प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्यच. मला हे काही पटत नाही. ओळींना नंबर आणि 'अमुक ओळीवर जा' ही आज्ञा, यातून मशीनची चाल बरीच उघडी पडते. पण आजच्या लॅपटॉपवर बेसिक चालवायची तर आधी तिला राहायला जागा करून द्यावी लागते, आणि ती खटपट करेपर्यंत पोराचा रविवार संपतो.

खरं तर मला स्वतःला मशीन कळलं होतं ते बारावीला. महाराष्ट्र बोर्डाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर होता. १९७६ ची चिप. आम्ही हसायचो, जग कुठे चाललंय आणि आपण काय शिकतोय म्हणून. पण छोट्याशा किटवर बटणं दाबून एकेक कोड भरावा लागायचा. 'ॲड बी' म्हणजे ८०, 'हॉल्ट' म्हणजे ७६. हे आकडे अजून तोंडपाठ आहेत. त्या किटने जे दाखवलं ते नंतरच्या सी प्लस प्लसने दाखवलं नाही. फक्त सहावीतल्या मुलीपुढे एकदम सोळाच्या पायावरची मोजदाद मांडणं म्हणजे तिला विषयातूनच उठवणं.

८०८५ ची चाल, पण साध्या दहाच्या आकड्यांत, असं काही आहे का हे शोधताना 'लिटल मॅन कॉम्प्युटर' सापडला. एमआयटीतल्या स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ च्या सुमाराला शिकवण्यासाठी ही कल्पना मांडली, आणि ब्रिटनमध्ये बारावीच्या वयाच्या मुलांना ती आजही शिकवतात. एका खोलीत एक छोटा माणूस बसलाय. त्याच्यापुढे ०० ते ९९ असे शंभर कप्पे, प्रत्येकात तीन आकडी एकच संख्या. हातात बेरीज-वजाबाकीची पाटी. कप्प्यांत ओळीने आज्ञा लिहिलेल्या. पहिला आकडा काय करायचं ते सांगतो, पुढचे दोन कुठल्या कप्प्यावर ते. १९० म्हणजे ९० व्या कप्प्यातली संख्या पाटीवर मिळव. २९० म्हणजे ती वजा कर. ३९० म्हणजे पाटीवरची संख्या ९० मध्ये लिहून ठेव. ५९० म्हणजे तिथली संख्या पाटीवर घे. ६०१ म्हणजे कप्पा ०१ वर जा. ७०५ म्हणजे पाटीवर शून्य असेल तरच ०५ वर जा. ८०५ म्हणजे पाटीवरची संख्या उणे नसेल तर जा. ९०१ म्हणजे बाहेरून संख्या घे, ९०२ म्हणजे पाटीवरची बाहेर सांग, आणि ००० म्हणजे थांब. झाली अख्खी भाषा.

लॅपटॉप बंद केला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून चौकटीची वही आणली आणि दहा बाय दहाचे कप्पे आखले. छोटा माणूस कोण? आमचे आजोबा. म्हणजे माझे वडील. औरंगपुऱ्यातल्याच जिल्हा परिषदेत लेखा शाखेत जन्म गेलेला, बेरजेला तोड नाही. त्यांनी चष्मा पुसला, शाळेची पाटी मांडीवर घेतली आणि सज्ज झाले.

दोन संख्यांची बेरीज झटक्यात जमली. मग भाचीने उलटी मोजणी लिहिली: ९०१, ९०२, ७०५, २९०, ६०१, ०००. संख्या घे, सांग, शून्य असेल तर थांबायच्या कप्प्यावर जा, नाहीतर ९० मधला एक वजा कर, परत सांगायला ये. कागदावर बरोबर होतं. फक्त ९० व्या कप्प्यात १ लिहायचा राहिला होता, तिथे शून्यच. तिने ५ दिला. आजोबा म्हणाले, "पाच." वजा शून्य. "पाच." पुन्हा "पाच."

दोन-तीन फेऱ्यांत त्यांच्या लक्षात आलं. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस, गप्प कसा बसेल? "हे बघ, तुला इथे एक लिहायचा होता. मी एक धरतो आणि पुढे जातो."

भाची ओरडली, "आजोबा, डोकं चालवायचं नाही! लिहिलंय तेवढंच करायचं!"

आजोबा चरफडत परत "पाच, पाच" करू लागले. शेवटी स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली, "अहो, किती वेळा पाच म्हणाल? आमटी उतू गेली ऐकता ऐकता." हँग झालेला कॉम्प्युटर कसा असतो ते भाचीने त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आत काही बिघडलेलं नसतं. तो इमानेइतबारे 'पाच' म्हणत बसलेला असतो.

मध्ये एका सुट्टीत तिला हिमरूचा माग दाखवायला नेलं. आपल्या शहराची ही जुनी विणकारी. पूर्वी नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यातून उचलत, पुढे जॅकार्ड आला. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाची १८०४ ची युक्ती. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. भाची बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ह्याच्यात सात नाही." मला क्षणभर कळेना. सात म्हणजे तिची ७०५! माग आपण काय विणलं हे बघून पुढचा पुठ्ठा निवडत नाही, माळ जशी ओवली तशीच चालते. त्याला 'जर' माहीत नाही. जॅकार्डला संगणकाचा पूर्वज म्हणून सगळेच मोकळे होतात. त्यात काय नव्हतं हे मला सहावीतल्या मुलीने सांगितलं.

पण खरी गंमत पुढच्या रविवारी झाली. बेरजेच्याच प्रोग्राममध्ये तिने दुसऱ्या आज्ञेत ३९० ऐवजी ३०४ लिहिलं. म्हणजे पहिली संख्या ९० मध्ये जायच्या ऐवजी ०४ मध्ये गेली, आणि ०४ मध्ये तर 'उत्तर सांग' ही ९०२ ची आज्ञा होती! तिने २५ दिला. ती आज्ञा पुसली जाऊन तिथे ०२५ आलं. आजोबा ओळीने येत तिथे पोचले आणि थबकले. "शून्य पंचवीस? अशी आज्ञा यादीत नाही. मी काय करू?"

भाचीने चूक शोधून काढली. मी म्हटलं, आता दुरुस्त कर. तिने खोडरबर उचललं, ठेवून दिलं. "थांब. मी पंचवीसऐवजी ६०० दिले तर?"

दिले. आजोबांनी निमूटपणे ६०० कप्पा ०४ मध्ये लिहिले, पुढची कामं केली, ०४ वर आले, वाचलं, '६००, म्हणजे कप्पा ०० वर जा', आणि गेले. पुन्हा पहिल्यापासून. भाची टुणकन उठून उभीच राहिली. "मामा, मी नुसता आकडा दिला होता! त्यांनी हुकूम म्हणून पाळला!"

कप्प्यात काय आहे, आकडा की आज्ञा, हे कप्प्याकडे बघून कळत नाही. माणूस तिथे आज्ञा वाचायला आला तर ती आज्ञा, हिशेबाला आला तर आकडा. प्रोग्राम आणि त्याचा माल एकाच स्मृतीत ठेवायचा, हा आराखडा जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालात आहे आणि आपले फोन-लॅपटॉप मूलतः त्याच मांडणीवर चालतात. त्यातूनच भाचीने केली तशी चोरवाट निघते. १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म'ने इंटरनेटवरचे हजारो संगणक जेरीस आणले, त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. दिलेली माहिती तिच्या जागेत मावली नाही, शेजारी सांडली आणि हुकूम होऊन बसली. हे मी तिला सांगितलं तेव्हा आजोबांनी विचारलं, "मग बँकेचं काय?" त्याचं उत्तर द्यायला आणखी एक चहा लागला.

त्यानंतर पायथन उघडलं. आता तिला घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. 'क' या अक्षराचा नंबर विचारला तर पायथन २३२५ सांगतं, 'ख'चा २३२६. "म्हणजे अक्षरंसुद्धा कप्प्यातले आकडेच." 'किती' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर आलं ४. बोलायला दोन अक्षरं, पण क, वेलांटी, त, वेलांटी असे चार आकडे. हे तिने मला न विचारता स्वतःच उलगडलं. आणि स्क्रॅचचं मांजर? ते तिने सोडलेलं नाही. फक्त आता ते अडलं की ती ठोकळे हलवत बसत नाही, कागद घेऊन एकेक पायरी चालून बघते.

ओळखीचे पालक विचारतात, कुठली भाषा लावू? खेळ बनवायचा असेल तर स्क्रॅच लावा, पुढे कामाला हवी असेल तर पायथन. पण पोराने 'ह्याला कळतं कसं' असं विचारलं असेल, तर आधी चौकटीची वही घ्या, वर दिलेल्या दहा आज्ञा पहिल्या पानावर उतरवा आणि घरातल्या सर्वांत हुशार माणसाला पाटी देऊन बसवा. वही औरंगपुऱ्यात कुठल्याही दुकानात मिळते. जूनमध्ये मात्र जाऊ नका, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत उभं राहायला जागा नसते.