एक वाटी भात

परवा रात्री मुलीचा अर्ज भरायला बसलो. बारावी सायन्स झाली, आता पुढे काय, तर पोषणशास्त्राची पदवी. थोरल्या भावाने ऐकले आणि म्हणाला, "रांधप शिकायला कॉलेज कशाला? घरी आई आहे, आजी आहे." मी हसलो, पण खरे सांगायचे तर माझ्या मनातही तेच होते. मी स्वतः मराठी घेऊन बी. ए. झालेला, वीसेक वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी करणारा माणूस. नर्सिंग केले तर जागा निघतात, बी. फार्म. केले तर निदान फार्मसी टाकता येते. हे पोषणशास्त्र कुठल्या खात्यात बसते, एवढीच माझी उडी.

तिच्या डोक्यात हे कुठून आले ते मात्र मला पक्के ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला मधुमेह निघाला. इस्पितळातून (कुठल्या, ते राहू दे) गोळ्यांबरोबर एक छापील इंग्रजी कागद मिळाला. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी एक वाटी भात, रात्री सूप. मी त्याचा मराठीत तर्जुमा केला, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. कचेरीतली सवय. कागदावर आहे ते करायचे, नाही ते करायचे नाही. जिने जन्मभर दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला तोर नाहीतर भाजलेला सुका बांगडा खाल्ला, तिच्यापुढे ओट्सचे ताट आले. "पेज सोडून मागीर जगप तरी कित्याक?" एवढेच ती बोलली. ओट्स तिच्या घशाखाली उतरेनात. चार घास खाल्ल्यासारखे करायची आणि बाकीचे हळूच कोंबड्यांना घालायची. गोळी मात्र वेळेवर. एके दिवशी अकराच्या सुमाराला विहिरीपाशी घेरी येऊन पडली. साखर एकदम खाली गेली होती.

त्यानंतर मुलीने एक वही केली. आजी काय खाते, किती वाजता, किती. सात दिवस. कागदातली "एक वाटी" म्हणजे नेमकी केवढी, हा प्रश्नही तिलाच पडला. तिने औषधाच्या मापाने पाणी ओतून आजीची काशाची वाटी मोजली. "कितें मेजता गो बाय?" म्हणून आई हसत होती. तिच्या एका वाटीत पुस्तकातल्या जवळजवळ दोन वाट्या मावत होत्या! ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, गोळी बदलली, तिची वेळ बदलली आणि पेज परत दिली. शिते कमी, बरोबर आळसांदे नाहीतर मासळी. आई तेवढ्यानेच अर्धी बरी झाली.

उकड्या तांदळाचे पुढचे पुराण मी मुलीकडूनच ऐकले. भात तुसासकट उकडला की कोंड्याजवळचे ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते, मग गिरणीत कोंडा गेला तरी ते सगळे जात नाही. पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळात ते फारसे उरत नाही. ते कमी पडले की बेरीबेरी होतो. आइकमन नावाच्या डच डॉक्टरने १८९० च्या दशकात जावा बेटावर कोंबड्यांना सडीक तांदूळ घालून हे पाहिले. त्यांचे पाय लुळे पडत, कोंडा दिला की त्या उठत. त्याला १९२९ साली नोबेल मिळाले. आपल्याकडे कुन्नूरला १९१८ साली याच बेरीबेरीच्या शोधासाठी एका खोलीत काम सुरू झाले, त्याचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. परसात चूल मांडून भात उकडणाऱ्या माझ्या आजीला यातले काहीच माहीत नव्हते. म्हणून पेज हवी तेवढी प्यावी असे नाही, हेही मुलीनेच बजावले. मधुमेहाला तांदूळ तो तांदूळच.

तर अर्ज. पणजीत कांपालला गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे एक भरला. दुसरा वडोदऱ्याला. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना, १९५० साली, गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. माझी एक आतेबहीण दांडिया बाजारात राहते, म्हणून तेवढा धीर. तीन वर्षांत सगळे होईल असे मी धरून चाललो होतो. तसे नाही. पदवीनंतर एम. एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, मग सहा महिने इस्पितळात उमेदवारी, मग नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या लोकांना आरोग्य व्यावसायिकांत धरले आहे, हे कळल्यावर माझ्यातल्या कारकुनाला जरा बरे वाटले. खाते सापडले! खर्चाचा आकडा मी कागदाच्या मागे मांडला आणि कागद उलटा ठेवला.

दाखले माझ्याकडे होते. मामलेदाराकडचा पंधरा वर्षांच्या रहिवासाचा काढलेला होताच, पर्वरीला बोर्डात जाऊन मायग्रेशन सर्टिफिकेट आणायचे राहिले होते. "हा अभ्यासक्रम का निवडला" हे तिचे तिने लिहिले आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडे दिले. आयुष्यभर मी लोकांचे अर्ज तपासले. सही कुठे नाही, तिकीट कुठे लावले नाही, एवढेच बघत. हा नीट वाचला. त्यात विहीर होती, वाटी होती. आणि एक वाक्य होते की घरात इंग्रजी वाचता येणारी माणसे होती, त्यांनी कागद आजीला वाचून दाखवला, पण आजीला काही विचारले नाही.

मी एक वेलांटी दुरुस्त केली. ते वाक्य काढू का, असे तिने विचारले. राहू दे म्हटले.

याद्या अजून लागलेल्या नाहीत. वडोदऱ्याला उकडे तांदूळ मिळतात का, याची चौकशी आईने आतेबहिणीकडे परस्पर केली आहे.