टॉफीला कोण नेणार?

चि. सावनी,


ट्रेलरचा फोटो मिळाला. त्याच्यापुढे उभी असलेली अन्वी बघून फार बरं वाटलं. ऑगस्टमध्ये टॉफीला घेऊन गिल्डफर्डहून इकडे श्रॉपशरला यायचा तुमचा बेत आहे, त्याची मी आतापासून वाट बघते आहे. पण परवा तू बोलता बोलता म्हणालीस, "गाडीला ब्रेकडाउन कव्हर आहे की मावशी, कसली काळजी!" ते माझ्या मनातून जाईना. फोनवर अन्वी मधे मधे बोलत होती, सांगायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

तुझं कव्हर गाडीचं आहे. गाडी बंद पडली तर ते लोक येतील, जमलं तर जागेवर दुरुस्त करतील, नाहीतर ओढून नेतील. मागे ट्रेलर असला तर बहुतेक कंपन्या तोही नेतात, मात्र वजनाची, लांबी-रुंदीची मर्यादा असते आणि वजन बहुधा साडेतीन टनांपर्यंतच चालतं. इथवर ठीक. पण ट्रेलरच्या आत टॉफी, पाचशे किलोंची जिवंत घोडी, उभी आहे, तिला कोण नेणार? साध्या पॉलिसीत जनावरांबद्दल एखादंच वाक्य असतं आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की नेलं तर नेलं, बंधन नाही. त्यातही कुत्र्या-मांजरांचं जमून जातं. घोड्याचं जमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या यार्डातल्या एका मैत्रिणीच्या गाडीचा क्लच ए ४९ वर लडलोच्या अलीकडे गेला. ट्रेलरमध्ये दोन घोडे. ती एका ले-बायमध्ये कशीबशी थांबली आणि तिने फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली, तासाभरात ट्रक आलाही. चालक खाली उतरला, ट्रेलरमधून टाप आपटल्याचा आवाज आला आणि तो तिथेच थांबला. गाडी नेतो, ट्रेलरही नेतो, म्हणाला, पण रिकामा. त्याचा दोष नव्हता, त्याला नियमच तसा होता. मग तिने मला बोलावलं आणि मी माझा हॉर्सबॉक्स घेऊन गेले. तोवर दुपारचे दोन वाजून गेले होते. बाजूने मोठमोठे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी ट्रेलर हलत होता. तिचा थोरला घोडा घामाने इतका भिजला होता, की मानेवरचा फेस बोटाने निपटून काढता येत होता. त्या अरुंद जागेत आम्ही दोघींनी एकेक घोडा मागे चालवत उतरवला आणि माझ्या गाडीत चढवला. म्होरकीचा दोर हातात धरून मी उभी होते तेव्हा माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, आता एखाद्या ट्रकने हॉर्न वाजवू नये. सुटलेला घोडा त्या रस्त्यावर गेला असता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

म्हणून तुला माझं सांगणं आहे, की घोड्यांसाठीचं वेगळं कव्हर घे आणि ते टॉफीला ट्रेलरमध्ये पहिल्यांदा चढवायच्या आधी घे. एए, आरएसी यांचं साधं कव्हर ही एक वस्तू झाली आणि हे दुसरी. इथे इक्वाइन रेस्क्यू सर्व्हिसेस, पीआरपी रेस्क्यू सर्व्हिसेस अशा खास हॉर्सबॉक्स आणि ट्रेलरवाल्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. घोड्यांचा विमा उतरवणारे काही जणही असं कव्हर जोडून देतात. कुठलं घ्यायचं ते मी ठरवणार नाही. पण पैसे भरायच्या आधी फोन कर, माणसाशी बोल आणि पहिलाच प्रश्न विचार, "गाडी बंद पडली तर माझ्या घोडीला तुम्ही कशातून आणि कुठे नेणार?" उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेव.

हा 'कुठे' फार महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी 'जवळच्या सुरक्षित जागी' एवढंच लिहिलेलं असतं. बर्मिंगहॅमजवळ रात्री आठ वाजता जवळची सुरक्षित जागा कोणती? तुला हवं ते असं: घोडी घरी किंवा ठरल्या मुक्कामी पोचवणार, तुमच्या दोघींसकट. ते त्या रात्री शक्य नसेल तर तिच्यासाठी तबेला शोधून देणार आणि त्याचा खर्च सोसणार. मग विचार, की बिघाड ओढणाऱ्या गाडीत असेल तर काय आणि ट्रेलरमध्ये असेल तर काय. ही दोन कामं अगदी निराळी आहेत. गाडीच बिघडली आणि ट्रेलर धड असेल, तर गाडी ट्रकच्या पाठीवर चढवून ट्रेलर घोडीसकट ट्रकच्या मागे जोडता येतो, तिला उतरवावंही लागत नाही. ट्रेलरचाच आस मोडला तर दुसरा हॉर्सबॉक्स यावा लागतो. ही दुसरी सोय पॉलिसीत आहे की नाही, ते लेखी घे.

कव्हर तुझ्या नावावर आहे की गाडीच्या नंबरावर, हेही बघ. श्रीकांत कधी ट्रेलर चालवणार असेल तर त्याला ते लागू आहे का? तुला वाटेत चक्कर आली, हात दुखावला, गाडी चालवता येईना, तर चालक पाठवतात का? काही जण पाठवतात. पंक्चर धरतात का आणि स्टेपनी नसेल तर हात वर करतात का? घराच्या दारातच गाडी सुरू झाली नाही तर? कव्हर घेतल्या दिवसापासून लागू होतं की काही काळ थांबावं लागतं? गाडी आणि ट्रेलर यांच्या वयाची अट काय? तुझा ट्रेलर जुना आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आणि अपघात, चोरी यांचा या कव्हरशी काही संबंध नाही. तुझ्या गाडीच्या विम्यात मागे ओढलेल्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुधा येतं, पण खुद्द ट्रेलरसाठी वेगळा विमा लागतो.

आता त्या जुन्या ट्रेलरबद्दल. या देशात साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला गाडीसारखी वार्षिक एमओटी चाचणी नाही. म्हणजे आधीच्या मालकाने तो किती वर्षं कुठे उभा ठेवला होता, हे विचारणारं कुणी नव्हतं. कव्हरवाले मात्र ट्रेलर रस्त्यावर चालण्याजोगा असल्याचं धरून चालतात आणि निगा राखली नसेल तर अडवू शकतात. तेव्हा आधी जाणकाराकडून सर्व्हिसिंग कर आणि पावती जपून ठेव. ब्रेक, बेअरिंग, कपलिंग, दिवे हे तो बघेल. दोन गोष्टी तू स्वतः बघ. रबरी मॅट पूर्ण उचलून बाहेर काढ आणि खालची जमीन तपास. मुताने लाकूड कुजतं, अॅल्युमिनियमही खातं. लाकूड असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेकडेने दाबत जा. कुठेही आत रुतलं तर टॉफीला त्यात चढवू नकोस. दुसरं, टायर. ट्रेलरचे टायर फारसे झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. वरची नक्षी नवी कोरी दिसते आणि बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेला चार आकडे एकत्र कोरलेले सापडतील. २३१८ असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. स्टेपनीचेही आकडे बघायचे, तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

ट्रेलर-एड नावाचा एक जाड उतार मिळतो, तो घेऊन ठेव. आपल्या ट्रेलरला एका बाजूला दोन चाकं असतात. त्यातलं चांगलं चाक या उतारावर चढवलं, की शेजारचं पंक्चर झालेलं चाक आपोआप जमिनीवरून उचललं जातं. घोडी आत असताना जॅक लावायची वेळ येत नाही. ती हलली आणि जॅक सटकला तर काय, हा प्रश्नच उरत नाही. नट मात्र आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, तो घरीच लावून बघ. आणि हे फक्त मोटरवेच्या बाहेर, सपाट, सुरक्षित जागी.

मोटरवेबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. तुम्ही एम २५ वरून एम ४०, मग एम ४२, एम ६, एम ५४ असं याल. एम ४२ आणि एम ६ वर बऱ्याच ठिकाणी कायमचा हार्ड शोल्डर नाही, मधे मधे नारिंगी रंगाच्या आणीबाणीच्या जागा आहेत. गाडी कुरकुरायला लागली की पुढच्या अशा जागेपर्यंत किंवा एक्झिटपर्यंत जायचा प्रयत्न कर. थांबलात की डाव्या दारांनी उतरायचं आणि कठड्यापलीकडे जायचं. हायवे कोड सांगतो, जनावरं गाडीतच ठेवा, अगदी आणीबाणी असेल तरच बाहेर काढा. रॅम्प उघडायचा नाही. त्रिकोण मोटरवेवर ठेवायचा नाही. कडेच्या निळ्या पाटीवरचे आकडे वाचून फोनवर जागा सांगायची, म्हणजे शोधाशोध होत नाही. आणि पहिल्या वाक्यात सांगायचं, ट्रेलरमध्ये जिवंत घोडा आहे.

अन्वीला हे आधी समजावून सांग. टॉफी आत खिंकाळत असेल आणि ही पोर गवतावर उभी राहून ऐकत असेल, तेव्हा तिला धावत जावंसं वाटणारच. मलाही वाटेल. पण घाबरलेल्या घोड्याबरोबर त्या पेटीत शिरलेलं माणूस चिरडलं जाऊ शकतं, आणि बाहेर वाहनं तर आहेतच. तिचं काम तिने घरीच करून ठेवायचं: गवताची जाळी गच्च भरायची, पाण्याचे डबे ठेवायचे. घोड्याला दिवसाला २५ लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी लागतं, शिवाय काही घोडे परक्या ठिकाणचं पाणी तोंडाला लावत नाहीत. बांधताना दोर थेट कडीला नाही, सुतळीच्या फासाला बांधायचा, म्हणजे ओढाताण झाली तर सुतळी तुटते.

आपल्याकडे शर्यतीचे घोडे दर वर्षी मुंबई-पुणे करतात, पावसाळ्यात पुण्याचा हंगाम, हिवाळ्यात महालक्ष्मीचा. तिथे घोड्याबरोबर सईस असतो, चालक वेगळा, व्यवस्था बघणारा आणखी वेगळा. इथे सईस तू, चालक तू, मालकीणही तूच. म्हणून एक कागद जाड अक्षरात लिहून गाडीत आणि ट्रेलरच्या पुढच्या दाराच्या आत चिकटव: घोडीचं नाव, व्हेटचा फोन, कव्हरचा नंबर आणि तुला बोलता येत नसेल तर टॉफीबद्दल निर्णय घेणाऱ्या माणसाचा फोन. तिथे माझा घाल. घोडीचा पासपोर्टही बरोबर हवा, तो कायदाच आहे.

परवान्याची काळजी नको. १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, ती अट १६ डिसेंबर २०२१ पासून गेली. पण परवाना मिळाला म्हणजे ट्रेलर मागे घेता आला असं नाही. एक दिवस शिकवणीला जा. मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन लेन असतील तिथे अगदी उजव्या लेनमध्ये शिरायचं नाही.

पॉलिसी आली की अटींची पानं मला पाठव, मी रात्री बसून वाचते. रविवारी अकरानंतर फोन कर, तोवर माझी तबेल्यातली कामं आटपलेली असतात. श्रीकांतला आशीर्वाद सांग. टॉफीसाठी कोपऱ्यातला तबेला रिकामा करून घेते आहे.

तुझी,
मावशी