पांढरी पाचचा सा

सात रस्त्यावरच्या माझ्या क्लासात मुलं येतात ती पेटी शिकायला. अलंकार, भूप, यमन, परीक्षेच्या बंदिशी हे सगळं हातात बसलं की मी त्यांना मोझार्ट वाजवून दाखवतो. 'आइन क्लाइन नाख्टम्युझिक', 1787 सालची रचना. तिचा पहिला भाग सोनाटा-अलेग्रो बांधणीचा आहे, आणि पेटीवर ही बांधणी उलगडायला मला याहून सोपी रचना सापडलेली नाही.

पांढरी पाच सा धरायचा. पहिली चाल सा, मंद्र पंचम, पुन्हा सा अशी उसळत मध्य पंचमापर्यंत चढते. सा कानात पक्का बसतो. थोड्या वेळानं शुद्ध मध्यमाच्या जागी काळी एक लागते, म्हणजे तीव्र मध्यम. इथं एखादं पोरगं हमखास म्हणतं, "सर, यमन की ओ हा!" त्याचा कान बरोबर आहे, फक्त घाई झाली. तो मध्यम आता नव्या सा चा निषाद होऊ घातलाय. बघता बघता आपला पंचम, पांढरी दोन, स्वतःच सा होऊन बसतो आणि दुसरी, नाजूक चाल तिथून सुरू होते. हे ऐकवताना तानपुरा बंद ठेवतो. तो चालू असला की जुना सा जागा सोडतच नाही.

ख्यालात बढत कितीही लांब जावो, सा अढळ असतो. इथं खुद्द सा च प्रवासाला निघतो. मांडणी, विस्तार, पुन्हा मांडणी ही सोनाटा-अलेग्रोच्या टप्प्यांची नावं पाठ करायला वेळ लागत नाही. मला मोल वाटतं ते परतीचं. परतताना दुसरी चालही पांढरी पाचवरच येते. मुलांकडून ती दोन्ही पट्ट्यांत वाजवून घेतो. बोटं बदलतात, चाल तीच राहते, आणि दुसऱ्या खेपेला तिचा परकेपणा गेलेला असतो.

मोझार्टचा विस्तार अगदी आटोपशीर आहे. बेथोवनच्या 'एरोइका' सिंफनीत (1803-04) तो दूर दूर भरकटतो. सा काळी दोन. परतीला चार बार उरले असताना व्हायोलिनं पंचमाच्या सुरावटीत थरथरत असतात, आणि हॉर्न आधीच मूळ चाल धरतो. पहिल्या तालमीत शिष्य फर्डिनांड रीसला वाटलं वादक चुकला. तसं बोलून त्यानं गुरूचा राग ओढवून घेतला. आमची मुलं तिथं खुशीनं मान हलवतात. समेशी लपंडाव खेळणारे गवई त्यांनी ऐकलेले असतात.